जपानी पासपोर्ट, बालीचा व्हिसा आणि आमचे साहेब

जपानचा पासपोर्ट म्हटल्यावर आपल्याकडं लोकांना वाटतं बॅग उचलायची आणि सुटायचं, कोण अडवणार हाय. आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, मशीन बसवायला आलेले एक जपानी साहेब आहेत, त्यांना पण तसंच वाटत होतं. काम संपत आलंय, बायको तिकडनं येणार, हे बेंगळूरहून जाणार आणि दोघं इंडोनेशियातल्या बालीत आठवडाभर राहणार. मी आणि आमची ही पण त्याच सुमारास जाणार हे कळल्यावर सगळ्यांचे कागद बघायचं काम कुणी न सांगता माझ्याच गळ्यात आलं.

तर, इंडोनेशियात जपान्यांना आता फुकट एन्ट्री नाय. होती की, २०१६ ला त्यांनी १६९ देशांना व्हिसा माफ केलेला, मग मार्च २०२० ला कोरोनात ते थांबवलं आणि जून २०२३ ला १५९ देशांची माफी काढूनच घेतली, आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटातले शेजारी तेवढे राहिले. जपान गेला बाहेर. म्हणजे साहेबांना पण व्हिसा ऑन अरायव्हल, तिथं उतरल्यावर मिळणारा व्हिसा, आणि मला पण तोच, फी दोघांना सेम, पाच लाख. रुपिया हो, घाबरू नका, आपले अडीच-तीन हजार होतात. साहेबांनी ते दोनदा वाचलं. ज्या पासपोर्टवर १९० च्या आसपास देश सहज उघडतात तो आणि माझा एकाच दराच्या पावतीवर, मला आतनं जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

हा व्हिसा विमानतळावर काउंटरला पण मिळतो, पण घरातनं ऑनलाइन काढलेला बरा. फक्त साइट त्यांच्या इमिग्रेशनची सरकारीच पाहिजे, पत्त्याच्या शेवटी गो डॉट आयडी बघायचं, कारण गूगलवर वर वर दिसणाऱ्या कितीतरी साइट एजंटांच्या असतात आणि त्याच कामाला वरचे पैसे लावतात. मिळाल्यापासून ९० दिवसांत वापरायचा, राहायला ३० दिवस, एकदाच अजून ३० वाढवून मिळतात. उतरलात तो दिवस पहिला धरायचा, हे लक्षात ठेवा, कारण जास्त राहिलात तर दिवसाला दहा लाख रुपिया दंड हाय. पासपोर्ट पोचायच्या दिवसापासून पुढं सहा महिने चालणारा पाहिजे आणि फाटका, शिवण उसवलेला, पाण्यात भिजलेला असेल तर परत पाठवतात. परतीचं तिकीट पण जवळ असू दे.

आता फरक कुठं पडतो तर उतरल्यावर. जपान्यांच्या पासपोर्टात २००६ पासून चिप आहे, त्यामुळं ऑनलाइन व्हिसा असला की साहेब ऑटोगेटमधनं, म्हणजे पासपोर्ट वाचून आपोआप उघडणाऱ्या दारातनं, सरळ बाहेर. आपल्याकडं चिपवाला पासपोर्ट आत्ता कुठं मिळायला लागलाय, माझ्याकडं जुनाच, म्हणजे मी लाइनीत. फी सारखी घेतली तरी रांग सारखी नाय.

फॉर्म भरताना आपल्या लोकांची आणखी एक गंमत. गावाचं नाव सरकारनं १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं, त्यामुळं माझ्या पासपोर्टावर जन्मगाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगमधलं बेळगाव आणि हिच्या पासपोर्टावर बेळगावी, खरं तर दोघांच्या आया एकाच गल्लीत बाळंत झालेल्या. तुम्ही घरात काय म्हणता ते सोडा, पासपोर्टावर जे छापलंय तेच अक्षर न अक्षर फॉर्मवर घाला. उताऱ्यापासून सगळे कागद कन्नडात घेऊन कुणाला तरी धरून वाचून घेणाऱ्या आपल्या माणसांना हे काय अवघड नाय.

व्हिसा झाला म्हणजे झालं असं नाय. पोचायच्या तीन दिवस आधीपासून ‘ऑल इंडोनेशिया’ नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, इमिग्रेशन, कस्टम, तब्येत सगळं त्यातच, फुकट हाय, क्यूआर कोड येतो तो मोबाइलमध्ये सेव्ह करायचा. शिवाय बालीची वेगळी पट्टी, माणशी दीड लाख रुपिया, १४ फेब्रुवारी २०२४ पासून, सगळ्या परदेशी लोकांना.

साहेबांचं मधेच काय निघालं, तर इंडोनेशियातल्याच सुराबाया शहरात एका कारखान्यात त्यांच्या कंपनीचं मशीन आहे, जाता जाता दोन दिवस तिथं हात मारून येऊ का. म्हटलं अजिबात नको. या व्हिसावर फिरणं, मीटिंग, माल बघणं चालतं, पाना हातात घेऊन मशीन दुरुस्त करणं म्हणजे काम, आणि कामाला व्हिसा वेगळा. जपानी माणूस सुट्टीत पण मशीन सोडत नाय बघा.

तारखा ठरवताना पाडव्याच्या आसपास जाऊ नका. बालीवाल्या हिंदूंचं नवं वर्ष पण शकाचंच, त्या दिवसाला न्येपी म्हणतात, सगळे घरात गप्प, दिवे बंद, आणि विमानतळसुद्धा २४ तास बंद. २०२५ ला न्येपी २९ मार्चला आणि आपला पाडवा ३० ला होता, २०२६ ला दोन्ही १९ मार्चलाच. आपण गुढी उभारायची आणि तिकडं विमान उतरूच देत नाहीत.

साहेबांना खरी काळजी इंडोनेशियाची नव्हतीच करायला पाहिजे, परत भारतात शिरायची करायला पाहिजे होती. त्यांच्या भारताच्या व्हिसावर मल्टिपल एन्ट्री, म्हणजे पुन्हा पुन्हा आत यायची मुभा, आहे का ते आधी बघून घेतलं, होती, सुटलो. परत येताना ई-अरायव्हल कार्ड नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, तो १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी लोकांना लागू झालाय. बाईसाहेबांना नंतर चार दिवस बेळगाव बघायचंय आणि गोव्यात उतरून चोर्ला घाटातनं वर यायचंय. जपान्यांना भारतात व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, पण दिल्ली, मुंबई, बेंगळूर अशा ठरावीक विमानतळांवरच, गोवा त्यात नाय. ई-व्हिसा, म्हणजे आधीच ऑनलाइन काढलेला, मात्र गोव्याच्या दोन्ही विमानतळांवर चालतो, मोपाला पण आणि दाबोळीला पण. म्हणून त्यांना ई-व्हिसाच काढायला सांगितलाय, फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडचा लागतो, तेवढा अजून यायचाय.