भूल उतरताना लेक मला ओळखेना

लेकीच्या टॉन्सिल्सचं ऑपरेशन ठरलं तेव्हा माझी सगळी धास्ती भूल देण्याचीच होती. आधीच्या तपासणीत भूलतज्ज्ञ बाईंनी बारीकसारीक विचारलं. नुकतीच सर्दी झाली होती का? घरात कुणाला भूल दिल्यावर अचानक खूप ताप चढला होता का? हे कशासाठी, असं मी विचारलं. मॅलिग्नंट हायपरथर्मिया नावाचा आनुवंशिक त्रास काहींच्या रक्तात असतो. अगदी विरळा, पण भुलीच्या ठराविक औषधांनी स्नायू आखडतात आणि जिवावर बेततं. त्यावर डॅन्ट्रोलीन नावाचं औषध आहे, पण आधी कळलं तर ती औषधंच टाळता येतात. मी लगेच माहेरी-सासरी फोन केले. तसं कुणाचं काही नव्हतं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. रिकव्हरीत मला आत बोलावलं, तर लेक किंचाळत होती. डोळे सताड उघडे, पण नजर माझ्यावर ठरेना. मी हाक मारली, तिने माझा हात झिडकारला, पाठीची कमान करून लाथा झाडू लागली. सलाईनची चिकटपट्टी ओरबाडत होती. एका सिस्टरने तिचं मनगट धरून ठेवलं, दुसरीने कठड्याला उशा लावल्या. माझ्या पोटात गोळा आला. मेंदूला काही झालं का, एवढंच मनात.

भूलतज्ज्ञांनी आधी ऑक्सिजन पाहिला, वेदनाशामक पुरेसं आहे ना तेही पाहिलं. मग म्हणाल्या, "हा इमर्जन्स डेलिरियम, म्हणजे भुलीतून जागं होतानाचा भ्रम. सेव्होफ्लुरेन वायूची भूल उतरताना लहान मुलांत होतो, 2 ते 5 वर्षांच्या मुलांत जास्त. आपोआप ओसरतो." बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत मूल भानावर येतं, फारच त्रास झाला तर शिरेतून थोडं औषध देतात. तिला ते लागलं नाही. हळूहळू थकून झोपली, उठली ती "आई, पाणी" म्हणत. मधलं तिला काहीच आठवत नव्हतं.

हे आई-वडिलांना आधीच सांगायला हवं, असं मला फार वाटतं. दोन वाक्यांत सांगून होतं, आणि तेवढ्याने आईचा जीव टांगणीला लागत नाही.

डिस्चार्ज कार्डावर कोणती भूल दिली आणि उठताना काय झालं, हे मी लिहून घेतलं. पुढे कानाच्या ऑपरेशनच्या वेळी तेच कार्ड दाखवलं. त्या भूलतज्ज्ञांनी वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉलची भूल दिली, आणि या खेपेला ती शांतपणे जागी झाली.