खिडकी, कपाट आणि सकाळचे जड डोके

गेल्या वर्षी शयनगृहाचे काम काढले, तेव्हा धूळ आणि गोंगाट आत येऊ नये म्हणून फट न ठेवणाऱ्या खिडक्या बसवून घेतल्या आणि भिंतभर कपाट करून घेतले. खोली शांत झाली. मात्र सकाळी डोके जड होऊ लागले आणि कपाट उघडले की डोळे चुरचुरू लागले. दोष आधी अपुऱ्या झोपेला दिला, मग चष्म्याला.

शेवटी कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र उशाशी ठेवले. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे 420 भाग असते. दार-खिडक्या लावून आम्ही दोघे झोपलो त्या पहाटे यंत्रावर 2,300 हा आकडा होता. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो, बाहेरची हवा आत आणत नाही, हे मला तोवर उमगलेच नव्हते. माक्स फॉन पेटेनकोफर या जर्मन शास्त्रज्ञाने 1858 मध्येच खोलीसाठी 1,000 ची मर्यादा सुचवली होती. तेवढा वायू विषारी असतो म्हणून नव्हे, तर तो वाढला म्हणजे माणसांच्या शरीरातून निघणारी इतर द्रव्येही कोंडली आहेत, असे ओळखावे म्हणून.

कपाटाचे दुखणे वेगळे निघाले. कपाटासाठी वापरतात त्या एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड या फळ्यांमधला भुसा जोडणारा गोंद बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइडचा असतो आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड हे डोळ्यांना झोंबणारे रसायन कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे सुटत राहते. उष्मा आणि दमटपणा वाढला की अधिकच. आपण कौतुकाने ज्याला नव्याचा वास म्हणतो, त्यात त्याचाही वाटा असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये हे रसायन माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. कापलेल्या उघड्या कडांतून ते अधिक सुटते, म्हणून सुताराला पुन्हा बोलावून आतल्या कडांना पट्ट्या लावून घेतल्या. वास मारण्यासाठी सुगंधी फवारा वापरत होते, तो आधी बंद केला. त्यातल्या लिमोनिनसारख्या द्रव्यांची हवेतल्या ओझोनशी प्रक्रिया होऊन पुन्हा फॉर्माल्डिहाइडच तयार होते. (कुंड्याही आणल्या होत्या. दिसतात छान, पण झाडे हवा शुद्ध करतात हा निष्कर्ष लहान, बंद पेट्यांतल्या प्रयोगांचा आहे. घरात तेवढा परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील.)

आता खिडकी रात्रभर चार बोटे उघडी असते आणि पहाटेचा आकडा 900 च्या आसपास राहतो. धूळ पुन्हा बसू लागली आहे, ती ओल्या फडक्याने पुसते. कपाटाची दारे अजून दिवसभर उघडी ठेवते.