बुधवारचा खिमा

भाचीचा मेसेज मी गुरुवारी दुपारी उघडला. ती असते आयोवात, डे मॉइन नावाच्या गावी. फोटोत एक गुबगुबीत बन, त्यातून दोन्ही बाजूंनी ओघळणारा लालसर खिमा आणि बशीच्या कडेला काकडीचं लोणचं. खाली लिहिलं होतं, ‘मावशी, बघ, बुधवारचा खिमा-पाव! इलेक्ट्रिक कुकरमध्ये, आठ मिनिटांत. तुझ्या कुकरला किती मिनिटं लागतात गं?’

माझ्या ताटात दुधीची भाजी होती. गुरुवार ना. तिने फोटो पाठवला तेव्हा तिच्याकडे बुधवारची संध्याकाळ होती आणि ठाण्यात आमच्या घोडबंदर रोडवर गुरुवार पहाट. म्हणजे बुधवारचाच खिमा, पण माझ्यापर्यंत पोचेतो सोवळ्यातल्या वारात शिरलेला.

आणि मिनिटं? मी विचारच करत बसले. वरणभाताला तीन शिट्ट्या, छोल्यांना पाच-सहा आणि वर जरा बारीक गॅसवर, खिम्याला दोन. याची मिनिटं कुणी केलीत? कुकरबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत खरं तर छापलेलं असतं की पूर्ण प्रेशर आलं की आच कमी करा आणि तिथून मिनिटं मोजा. पण ती पुस्तिका वाचतो कोण? आमच्याकडे ती कुकरच्या खोक्यात, खोकं माळ्यावर, आणि माळ्यावर चढायला कुणी तयार नाही. हॉकिन्स 1959 पासून कुकर बनवतेय, त्यांचा एक कारखाना इथे आपल्याच वागळे इस्टेटमध्ये आहे. तिथे काम करून घरी गेलेली माणसंसुद्धा स्वयंपाकघरातून ‘किती झाल्या गं?’ असंच ओरडत असणार, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

भाचीच्या त्या पदार्थाला तिकडे स्लॉपी जो म्हणतात. खिमा परतायचा, त्यात कांदा, भोपळी मिरची, केचप, वूस्टरशर सॉस, मोहरीचं सॉस आणि चक्क ब्राउन शुगर. भाचीला आता आयोवाचा फार अभिमान. तिथल्याच सू सिटीतल्या कुणा जो नावाच्या आचाऱ्याने हा प्रकार काढला, असं तिकडे सांगतात. आणि त्याच्याही आधी, 1926 मध्ये, आयोवातल्याच मस्कटिन गावी मेड-राइट नावाच्या दुकानात सुटसुटीत कोरड्या खिम्याचं सँडविच विकायला सुरुवात झाली होती. 1969 पासून तर सॉसही डब्यात तयार मिळतं, मॅनविच नावाचं. कामावरून आलं, खिमा परतला, डबा ओतला, बनमध्ये भरला, झालं जेवण. मला हे सगळं ऐकताना एकच वाटत होतं, की बाई, यात साखर कशाला?

मांस कसलं, हे मी विचारत नाही. ग्राउंड बीफच असणार, तिकडे दुसरं काय! आपल्याकडे 1976च्या कायद्याने गाय बाद आणि 2015च्या दुरुस्तीने बैलही बाद. पण कायद्याचं सोडा, आमच्या कायस्थांच्या घरात खिमा म्हटलं की मटणाचा, इतकं ते गृहीत. आईला फोटो दाखवला तर तिने चष्मा वर करून नीट पाहिलं, ‘छान दिसतोय, मटणाचाच असेल’ म्हणाली आणि मोकळी झाली.

खिम्याचं सगळं यश दुकानातच ठरतं. भाचीला तो ट्रेमध्ये मिळतो, वर चिकटवलेलं असतं, ऐंशी टक्के मांस, वीस टक्के चरबी. मी जाते तिथे चिंचेच्या लाकडाचा ठोकळा आहे, मधोमध खड्डा पडून त्याची परात झालेली. दुकानदार मांडीचा तुकडा त्यावर टाकतो आणि दोन्ही हातांत एकेक सत्तूर घेऊन ठोकायला लागतो. ठक-ठक-ठक-ठक, मध्येच सत्तूर आडवा करून सगळं गोळा करायचं, उलटायचं, परत ठक-ठक. मागच्या बाजूला मशीन आहे, दोन मिनिटांत काम होतं, पण मशीनच्या खिम्याचा लगदा होतो आणि शिजताना त्याच्या गोळ्या वळतात. ‘ताई, घाई असेल तर मशीनला लावतो,’ असं तो दर वेळी विचारतो. मला दर वेळी घाई असते आणि मी दर वेळी थांबते. शेवटी कलेजीचे दोन-तीन तुकडे मागून घ्यायचे. ते वेगळे ठोकायचे नाहीत, त्याच खिम्यात. कलेजीशिवाय खिम्याला दाटपणा येत नाही, हे माझं ठाम मत. घरातल्या दोघांना ते मान्य नाही, पण त्यांना कधी कळलेलंही नाही.

मग कुकरचं काम. कांदा नीट लाल, आलं-लसूण, हळद, तिखट, आपला घरचा मसाला, आणि खिमा घातला की उलथन्याने मोडत राहायचं. हे मोडणं झाकण लावण्याआधीच. एकदा प्रेशर बसलं की गोळी ती गोळीच. खिम्याला स्वतःचं पाणी सुटतं, त्यामुळे वरून अर्धी वाटी पुरे. भाचीचं दुखणंही पाण्याचंच निघालं. तिच्या कुकरच्या पडद्यावर सारखं ‘बर्न’ येतं. येणारच. केचप जड, साखर त्याहून जड, ते तळाला जाऊन बसतं. पाण्याची वाफ होण्याआधी तळ करपतो आणि यंत्र आपलं आपण बंद पडतं. तिला म्हटलं, परतून झालं की पाण्याचा हबका मारून तळ खरवडून घे, टोमॅटोचं जे काही असेल ते शेवटी वरून घाल आणि ढवळू नकोस, तसंच झाकण लाव. आमच्याकडे पडदा नाही, वास येतो. मटार पण शेवटीच, झाकण उघडल्यावर, नाहीतर त्यांचं पिठलं होतं. मग गॅस मोठा करून पाणी आटवायचं, तेल सुटलं की लिंबू, कोथिंबीर.

खरं सांगायचं तर खिम्याला कुकर लागतच नाही. हाडांचं मटण असेल तर कुकरविना गत नाही. 1679 मध्ये दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने लंडनमध्ये पहिलं असं भांडं दाखवलं ते हाडं विरघळवण्यासाठीच. 1682 साली रॉयल सोसायटी या तिथल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेतल्या मंडळींनी त्यातलं जेवण केलं, आणि बीफ-मटणाची टणक हाडं चीजसारखी मऊ झाली होती, अशी नोंद आहे. वाफेने भांडं फुटू नये म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह काढला तोही त्यानेच. झाकण घट्ट बसलं की आत पाणी शंभराऐवजी एकशेवीसच्या आसपास उकळतं, एवढीच सारी करामत. पण खिमा तर आधीच बारीक केलेला. तो कढईत, वर ताट ठेवून, पंचवीस-तीस मिनिटांत शिजतो, आणि चव उलट बरी लागते.

तरी बुधवारी कुकरच लागतो. कढईपाशी उभं राहावं लागतं. कुकर लावला की गाडीतून आलेलं माणूस पाय धुवून येतं, कपडे बदलतं, पाच मिनिटं पलंगावर आडवंही होतं, आणि स्वयंपाकघरात आपल्या वतीने कुणीतरी जागं असतं. शिट्टी झाली की ते हाक मारतं. भाचीच्या कुकरला शिट्टीच नाही. काम झालं की बारीक आवाजात टूं टूं करतो आणि गप्प. आपल्या माणसाने बोलावलं, असं वाटत नाही त्यात.

बुधवारच का, हे ठाण्यात कुणाला सांगायला नको. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. रविवारी मटण, शुक्रवारी मासळी, आणि बुधवारला काहीतरी झटपट हवं म्हणून खिमा. लहानपणी नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत खिमा-पाव हा ठरलेला बेत होता. संध्याकाळी सायकलवाला लादी पाव द्यायचा, आई कुकर लावायची आणि मी आणि दादा उंबऱ्यात बसून शिट्ट्या मोजायचो. ते सोपं नव्हतं. शेजारच्या काकूंचा कुकर भिंतीपलीकडेच. त्यांची तुरीची डाळ आणि आमचा खिमा एकाच वेळी शिट्टी मारायचे. दादा म्हणायचा, ‘ही त्यांची.’ मी म्हणायचे, ‘ही आपली.’ आतून आई, ‘अरे, झाल्या किती?’ आणि भिंतीपलीकडून काकू, ‘तुमच्या दोन झाल्या हो, बंद करा!’ आमच्या खिम्याचा हिशेब आमच्याहून काकूंकडे चोख असायचा. मटणाचा ‘म’ काढला तरी नाक मुरडणाऱ्या काकू, पण शिट्टी चुकू द्यायच्या नाहीत.

बाबा फोर्टातल्या ऑफिसातून यायचे. गाड्या रखडल्या की रात्रीचे दहा, पावसाळ्यात अकरा. आम्ही जेवून घ्यायचो, त्यांच्या वाटणीचा खिमा पातेल्यात. ते दमून आले की थोडंसं खायचे, बाकीचा तसाच. आणि मग पेच. उद्या गुरुवार. घरात फ्रिज नव्हता, असता तरी आजीने दत्ताच्या दिवशी त्यात खिमा राहू दिला नसता. टाकायचा तर जिवावर येतं. मग बाबा तो अ‍ॅल्युमिनियमचा टोस्टर काढायचे, लांब दांड्यांचा, काळ्या मुठींचा, चिमट्यासारखा मिटणारा. दोन ब्रेड, आत खिमा दाबून, बाहेरून तूप. दांड्यांची कडी लावायची आणि गॅसवर धरून एकदा इकडून, एकदा तिकडून. कडेने ब्रेड बाहेर आलेला असायचा तो जळून काळा व्हायचा, त्याचा वास झोपलेल्या माणसाला उठवायला पुरेसा. आम्ही दोघं उठायचोच. उघडल्यावर त्रिकोणी ठसे उमटलेलं सँडविच, कडा कुरकुरीत, आतला खिमा इतका गरम की पहिला घास जिभेवर या गालातून त्या गालात फिरवावा लागायचा.

एकदा मध्यरात्र टळून गेली. दादाने घड्याळ दाखवलं, बारा वाजून गेलेत, गुरुवार लागला. बाबांचा हात दांडीवरच थबकला. आजी अंथरुणात जागी होती. तिथूनच म्हणाली, ‘आपला वार सूर्योदयाला बदलतो. साहेबाचा बदलला असेल बाराला. खा मुकाट्याने.’ आजी स्वतः मंगळागौरीपासून महाशिवरात्रीपर्यंत सगळं पाळणारी, त्यामुळे तिच्या शब्दावर कुणी बोलायची सोय नव्हती. पंचांगात ते खरंच तसं आहे, वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. आजीने त्या रात्री आम्हाला जवळजवळ सहा तासांची सूट मिळवून दिली आणि स्वतःही अर्धं सँडविच मागून घेतलं.

हे सगळं भाचीला लिहायचं होतं, पण मी तिला एवढंच लिहिलं, ‘बन नुसताच भाजून बाजूला ठेव, खिमा त्यात भरू नकोस, भिजतो.’ हा माझा जुना हट्ट आहे. पाव ज्याचा त्याने बुडवावा. दुसऱ्याने भिजवून दिलेला पाव मला चालत नाही. टोस्टरमधलं सँडविच त्याला अपवाद, कारण ते दोन्ही बाजूंनी बंद असतं. भाचीने हसणारी तोंडं पाठवली आणि ‘मावशी, सँडविच म्हणजे भरलेलंच असतं’ असं उत्तर दिलं. आता यावर काय बोलणार?

आम्ही आता चौदाव्या मजल्यावर राहतो. इथेही डक्टमधून खालच्या-वरच्या घरांच्या शिट्ट्या येतात, पण कुणाची कोणती, ते कळत नाही आणि ‘तुमच्या दोन झाल्या हो’ म्हणणारंही कुणी नाही. आई नौपाड्यातच, दादाच्या घराशेजारच्या फ्लॅटमध्ये, एकटी राहते आणि अजून स्वतःचं स्वतः करते. गेल्या वर्षापासून तिला कमी ऐकू येतं. मशीन आणलंय, ते ती लावत नाही, कानात भुंगा गेल्यासारखं होतं म्हणते. कुकर लावला की समोर स्टूल टाकून बसते आणि शिटीकडे बघत राहते, हलली की बोट मुडपते. मागच्या महिन्यात मध्येच दार वाजलं की फोन आला कोण जाणे, ती उठून गेली ती गेलीच. पाणी संपलं, सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला, शेजारच्या मुलीने वासावर येऊन गॅस बंद केला. व्हॉल्व्हने त्याचं काम केलं म्हणून बाकी काही झालं नाही. आईने दुसऱ्या दिवशी जाऊन नवा व्हॉल्व्ह बसवून आणला, वर दुकानदाराशी दोन रुपयांसाठी भांडून आली.

भाची म्हणते, आजीला इलेक्ट्रिक कुकर पाठवते, तो आपोआप बंद होतो. आईने ऐकून घेतलं आणि ‘त्याला शिटी नाही, मला कसं कळणार?’ असं विचारलं. यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मी आणि दादाने ठरवलंय की तिला यापुढे गॅससमोर एकटीला उभं राहू द्यायचं नाही, दिवाळीपासून दोन्ही वेळचा डबा दादाकडून जाईल. तिला अजून सांगितलेलं नाही.