तिसरा चेंडू

तीन चेंडू आळीपाळीने हवेत झेलत ठेवणं तसं निरुपयोगी काम. तरीही हे शिकताना माणूस तासभर भूक विसरतो. नवी वस्तू घेतल्याचा आनंद मात्र आठवडाभरात विरतो. ब्रिकमन आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये याला ट्रेडमिलची उपमा दिली होती. कितीही पळा, जागा तीच.

चेंडू मुठीत मावणारे, सारख्या वजनाचे आणि न उसळणारे हवेत. टेनिसचे नकोत, निम्मा वेळ कपाटाखाली हात घालण्यात जातो. जुन्या मोज्यांत धान्य भरून गाठ मारली तरी भागतं. उभं राहायचं पलंगासमोर, म्हणजे चेंडू उचलताना पार जमिनीपर्यंत वाकावं लागत नाही.

आधी एकच चेंडू. कोपरं अंगाजवळ, फेक डोळ्यांच्या किंचित वर, या हातातून त्या हातात. मग दोन. पहिला चेंडू अगदी वर टेकला की दुसरा सोडायचा. खरी फजिती इथे होते. दुसरा चेंडू वर फेकायचा सोडून हात तो गुपचूप शेजारच्या हातात सरकवतो. सांगून ऐकत नाही. ‘फेक, फेक, झेल, झेल’ असं मोठ्याने म्हणत राहिलं की हळूहळू वठणीवर येतो. सुरुवात दोन्ही हातांनी आलटूनपालटून करावी, नाहीतर एकच हात शहाणा होतो.

तिसऱ्या चेंडूला माणूस चालू लागतो. घाईत हात पुढे जातो, हातामागे चेंडू, चेंडूमागे आपण. भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की हे थांबतं. पहिल्या दिवशी तीन फेकी, तीन झेल आणि थांबायचं. दुसऱ्या दिवशी चार. चेंडू पडत राहणारच. एकही पडत नसेल तर सराव सोपा झालाय, आणि सगळेच पडत असतील तर घाई झालीय. मानसशास्त्रज्ञ चिक्सेंटमिहायी यांनी गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यविशारद अशांना विचारून 1975 मध्ये हेच मांडलं होतं: काम जेमतेम झेपण्याजोगं असलं की मन त्यात रमतं. सोपं असलं की कंटाळा, फार अवघड असलं की धास्ती.

2004 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापून आला. तीन महिने असे तीन चेंडू झेलायला शिकलेल्यांच्या मेंदूत हालचाल टिपणाऱ्या भागातलं करडं द्रव्य वाढलेलं दिसलं. एवढंच सांगितलं जातं. पुढच्या तीन महिन्यांत सराव थांबला आणि ती वाढ बरीचशी ओसरली, हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणजे हीसुद्धा बँकेतली ठेव नव्हेच.

तीन चेंडू गप्पा मारतामारता झेलता यायला लागले की त्यांतली गंमत आटते. तेव्हा चौथा घ्यावा. चार चेंडूंच्या नेहमीच्या पद्धतीत चेंडू या हातातून त्या हातात जातच नाहीत. प्रत्येक हात आपापले दोन सांभाळतो, आतून बाहेर, छोट्या गोलात. त्यामुळे एवढ्या खटपटीने अंगवळणी पडलेली तिरकी फेक विसरावी लागते. पुन्हा पलंगासमोर, आधी एकाच हातात दोन चेंडू घेऊन.