डेक गळतंय? आधी बोल्ट काढा, सीलंट नंतर

बोटीत झोपायच्या बंकवर थेंब पडतो तिथेच वर भोक असणार, असं धरून चालणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. पाणी डेकमध्ये एका जागी शिरतं, छताच्या अस्तरामागून उताराने सरकतं आणि मीटर-दोन मीटर लांब कुठल्या तरी कपाटात टपकतं. बोटीवरच राहणाऱ्यांनी आणखी एक तपासावं. पाऊस नाही, लाट नाही आणि थंड रात्रीनंतर बोल्टच्या टोकांवर पाणी दिसतंय, तर ती बहुधा श्वासाची नि स्वयंपाकाची वाफ. त्याला सीलंट नको, खेळती हवा हवी.

गळती शोधायची सगळ्यात चांगली पद्धत अशी: व्हेंट टेपने बंद करा, एका हॅचमध्ये (डेकवरच्या झाकणाच्या दारात) पुठ्ठा बसवून त्यातून ब्लोअरने हवा आत ढकला आणि डेकवर साबणाचं पाणी पसरा. बुडबुडे येतील तिथे वाट आहे. ब्लोअर नसेल तर होज पाइप चालतो, पण सुरुवात सगळ्यात खालच्या फिटिंगपासून, म्हणजे डेकवर बोल्टने बसवलेल्या भागापासून. वरून सुरू केलंत तर ओघळ सगळीकडे पोचतो आणि काहीच कळत नाही. पहिला संशय स्टँचनवर, म्हणजे कठड्याच्या उभ्या खांबावर, घ्या. चढता-उतरता प्रत्येक जण त्यालाच धरतो, ती लांब दांडी तरफेसारखी वागते आणि तळाचं सील उचकटतं.

बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढू नका. ती एखादा पावसाळा काढते, पण पाणी आत कोंडून ठेवते आणि सिलिकॉनचा थर राहिला की त्यावर नंतर काहीच चिकटत नाही. खरं नुकसान खिडकीखालच्या डागाचं नसतं, डेकच्या पोटातलं असतं. १९७०-८०च्या दशकांतल्या बऱ्याच बोटींच्या डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा या हलक्या लाकडाचा गाभा आहे. बोल्टच्या भोकातून पाणी गेलं की तो कुजतो. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकून बघा: निरोगी डेक खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. खालून ६ मिमीचं भोक पाडल्यावर काळा, ओला भुसा आला तर तिथला गाभा बदलावाच लागतो. नुसतं वाळवून भागत नाही.

गाभा शाबूत असेल तर फिटिंग काढा. खिळ्याचं टोक काटकोनात वाकवून ड्रिलमध्ये लावा आणि दोन थरांमधला बाल्सा भोकाभोवती १०-१२ मिमी खरवडून काढा. भोकाला खालून टेप लावा. आधी पातळ इपॉक्सी ओतून लाकूड भिजू द्या, मग सिलिका घालून घट्ट केलेलं इपॉक्सी भरा. २४ तासांनी मूळ मापाचं भोक पाडा. आता बोल्ट गळला तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. वरच्या कडेला काउंटरसिंकने दोन मिमीची खाच करा, म्हणजे सीलंटला बसायला जागा मिळते.

डेकवरच्या फिटिंगांना मी ब्यूटाइल टेपच (मऊ, चिकट रबरी पट्टी) देईन. पृष्ठभाग ॲसिटोनने पुसा, तळाला टेपचा थर लावा, बोल्टच्या डोक्याखाली शंकूसारखी गुंडाळा. खाली वॉशरऐवजी ६ मिमीची बॅकिंग प्लेट. वरून बोल्ट धरून ठेवा आणि फक्त नट फिरवा, कारण बोल्ट फिरला की सील पिळून निघतं. एका दमात आवळू नका. ब्यूटाइल हळूहळू सरकतं, म्हणून तीन-चार दिवस रोज थोडं आवळा. ॲक्रिलिक खिडक्यांना पॉलिसल्फाइड सीलंट लावू नका, प्लास्टिकला तडे जातात. कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन सीलंटही स्टँचनखाली नको. पुढच्या वेळी काढताना डेकचा वरचा थरच सोबत येतो.

चेनप्लेट, म्हणजे डोलकाठीच्या आधारतारा जिथे बोटीला जोडतात ती धातूची पट्टी, मात्र बाहेर काढूनच बघा. डेकच्या आत ओलाव्यात, हवेविना अडकलेलं स्टेनलेस स्टील आतून खड्डे पडून कमजोर होतं, वर चकचकीत दिसत असलं तरी. तपकिरी ओघळ ही पहिली खूण. एका वेळी एकच शराउड (डोलकाठीची बाजूची आधारतार) सोडायचा, आणि त्याआधी त्या बाजूला हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) बांधून डोलकाठीला आधार द्यायचा.