तुलनेची गावे
नाशिकमध्ये राहून पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतील आरोग्य कार्यक्रमांचे मूल्यमापन करण्यात माझी बरीच वर्षे गेली. बालमृत्यू घटले, तरी त्याचे श्रेय नव्या रस्त्याचे की आशाताईंच्या गृहभेटींचे, हे तुलनेच्या गावांशिवाय, म्हणजे कार्यक्रम न राबवलेल्या पण बाकी तशाच गावांशिवाय, सांगता येत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा दिली आणि ४७ गावांशी तुलना केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. तुलनेच्या गावांतील मातांना भेटताना माझे मन मात्र जड होते. द्राक्षहंगामात अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या बागांवर मजुरीला जातात. कुलूप दिसले म्हणून ते घर वगळले, तर सर्वांत गरीब बाळेच हिशेबातून सुटतात, म्हणून आम्ही नोंदी घ्यायला बागांवर जातो.