दोन बेड, दोन बिलं

मी हॉस्पिटलच्या बिलिंगला आहे, आठ वर्षं झाली. डॉक्टर नाही, पण फाईली रोज हातात असतात आणि फाईल बरंच काही बोलते.

त्या आठवड्यात शेजारशेजारच्या बेडवर दोन पेशंट होते. दोघांचंही पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालेलं, तेही एकाच सर्जनकडे. एकाचं ठरलेलं पॅकेज, दुसऱ्याचं ओपन बिल, म्हणजे जे जे होईल ते लावायचं. ओपनवाल्याची फाईल जाडजूड, सीटी काय, फिजिशियनची व्हिजिट काय, रोजचं ब्लड काय, आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल. पॅकेजवाल्याची फाईल मोजून सहा कागद.

तिसऱ्या दिवशी सकाळी मीच वॉर्डला फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, अगं त्यांना थोडी कणकण आहे, सर ब्लड रिपीट करून उद्या सोडू म्हणतायत. मी म्हटलं, सिस्टर, पॅकेज आज संपतंय, उद्याचा बेड कुणाच्या नावावर टाकू? एवढंच बोलले, रोज बोलते तेच. दुपारी फाईल खाली आली तेव्हा ‘सीबीसी रिपीट’वर एक आडवी रेघ होती आणि खाली डिस्चार्ज.

अमेरिकेत मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याने, १९८३ मध्ये खर्चाप्रमाणे पैसे देणं सोडून आजारागणिक ठरलेली रक्कम द्यायला सुरुवात केली, आणि ॲडमिट राहायचे दिवस भराभर कमी झाले. आजार तेच, फक्त दर बदलला. तेव्हा वाचून हसले होते, की डॉक्टर काय बिल बघून तपासतात का? नाहीच बघत हो, बघणारे आम्ही असतो, खाली बसलेले. आणि ओपन बिलवाल्याच्या सीटीला मी कधी फोन केला नाही हेही खरंय.

पाचव्या दिवशी पॅकेजवाले काका परत आले, ताप आणि पोट फुगलेलं, पित्त आत गळत होतं. सर म्हणाले हे होऊ शकतं, कुणाची चूक नाही. असेलही. पण एक दिवस आधी कळलं असतं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिकडे अमेरिकेत २०१२ पासून काही आजारांत असे परत येणारे जास्त असले की हॉस्पिटलचे पैसे कापतात. आमच्याकडे तसलं काही नाही, परत आला की नवीन ॲडमिशन.

त्यांचा मुलगा काउंटरवर उभा होता, मी नंबर टाकला, स्क्रीनवर आलं ‘नवीन पॅकेज लावायचं?’ आणि मी ‘हो’ दाबलं.